पाच जणांची चकमक

खेळांच्या दुकानातून आणलेली पातळ पुस्तिका तिने पर्समधून काढून टेबलावर ठेवली आणि बाबांच्या पावलांचा आवाज येताच वर्तमानपत्राखाली सरकवली. दुपारपासूनची ही तिसरी खेप. एक्स-रे काढणं हा तिचा व्यवसाय. आठवडाभर लोकांना "श्वास रोखा, हलू नका" सांगणारी ही बाई सुट्टीच्या दिवशी घरात मिनिटभर एका जागी टिकत नव्हती.

बाबा आले. त्यांनी खिडकी उघडली, बाहेर पाहिलं, खिडकी लावली आणि परत आत गेले.

"अहो, एक काय ते ठरवा," शर्टाला बटण लावता लावता आई म्हणाली. "सकाळपासून त्या खिडकीचा जीव खाताय."

रविवारी दुपारी तीनला बापलेकीची पटावर लढाई लागायची, ती वीस वर्षं. तीनशे बोटभर पुतळे: बुटके, राक्षस, सांगाडे, घोडेस्वार. एकेकाच्या मिशीपर्यंतचा रंग बाबांनी दिलेला. पाच महिन्यांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पुलांचे नकाशे काढण्यात ज्याची हयात गेली, तोच हात. एक दिवस भालाईतांची रांग पुढे सरकवताना सबंध पलटण आडवी झाली. "राहू दे," म्हणून बाबांनी पुतळ्यांचं कपाट लावून घेतलं. तेव्हापासून दर रविवारी एकच उत्तर: आज कंटाळा आलाय.

पुस्तिकेतला खेळ वेगळा होता. दोन्ही बाजूंना फक्त पाच-पाच गडी. पट जेवणाच्या टेबलाच्या निम्मा. तासाभरात निकाल. घरात असतील ते पुतळे चालतात, नवीन काही घ्यायला नको. काल ती दुकानदाराबरोबर सहज म्हणून खेळायला बसली आणि तीन डाव उठलीच नाही.

पंचाईत पुढेच होती. हा छोटा खेळ बाबांपुढे ठेवायचा म्हणजे मोठा आता तुम्हाला झेपत नाही, असं तोंडावर सांगायचं. आणि ठेवायचा नाही, तर पुढचे सगळे रविवार त्या खिडकीचे. ती उठली, धुतलेले कप पुन्हा धुतले, येऊन बसली, परत उठली.

आईने दोरा दाताने तोडला. "ते पेपराखालचं काय आहे ते एकदाचं दाखव त्यांना. नाहीतर मी दाखवते."

बाबा दारातच उभे होते. त्यांनी डावा हात पुढे केला. तिने पुस्तिका दिली. चष्मा कपाळावर चढवून, पुस्तिका नाकाशी धरून ते वाचत राहिले. चार पानं झाली तरी चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"पाच माणसं?"

"हो."

"पाच माणसांत कसली लढाई? आमच्या ऑफिसात चहाला याहून जास्त जमायची."

"लढाई नाही, बाबा. चकमक."

त्यांनी पुस्तिका मिटली. "माझा हात चालत नाही म्हणून आणलंस?"

सगळे खेळतात, नवीन आहे, सहज आणलं. कालपासून घोटून ठेवलेलं उत्तर जिभेवर होतं. ते काही बाहेर पडलं नाही.

"हो," ती म्हणाली. "आणि मला आवडला म्हणूनही. दुकानदाराने तीनदा हरवलंय मला. त्याला उत्तर द्यायचं तर सरावाला कोणीतरी हवं."

बाबा पुस्तिका घेऊन आत गेले. आईची सुई थांबली. संपलं सगळं, असं तिला वाटलं. आपण गप्प बसायला हवं होतं. आतून काहीच चाहूल येईना.

"छोटे, जरा इकडे ये," आतून हाक आली. "माझ्याच्यानं पाच ठरत नाहीयेत."

कपाट सताड उघडं होतं आणि बाबा त्यापुढे गोंधळून उभे होते. अर्धा तास घोळ चालला. राजाला त्यांनी पहिल्या झटक्यात बाद केलं. पाच जणांत तो हुकूम कोणाला सोडणार? सेनापतीचंही तेच. शेवटी निघाले ते तीनशेंच्या गर्दीत कधी कुणाच्या नजरेत न भरलेले: नगारेवाला, म्हातारी चेटकीण, पळीवाला आचारी, एक कान तुटलेला लांडगा आणि पाथरवट बुटका.

टेबल रिकामं केलं. तिने आपले पाच मांडले. बाबांनी चौघांना एकेक करून जागेवर नेलं. दर खेपेला उजवं मनगट डाव्या हाताने धरून. बुटक्याच्या वेळी मनगट सुटलं. बुटका कलंडला, दोन कोलांट्या खाऊन टेबलाच्या कडेशी पालथा पडला.

तिचा हात आपसूक पुढे गेला आणि मध्येच थांबला. बाबांनी आपला हात मांडीवर ओढून घेतला.

"मेला," ते म्हणाले.

"या खेळात पडलेला मरत नाही. नुसता आडवा राहतो. त्याच्या बाजूची पाळी आली की उठतो."

"उठवतो कोण?"

"ज्याचा त्याने उठवायचा."

बाबा बुटक्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी फासे तिच्याकडे सरकवले.

"टाक मग. आणि माझी पाळी येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही."