तीन बरण्या

डॉक्टर दळवींनी टेबलावर काचेच्या तीन बरण्या ठेवल्या. प्रत्येकीत मुठीएवढं एक फुफ्फुस श्वास घेत होतं. तिन्ही दमा असलेल्या पाच वर्षांच्या ओजूच्या पेशींपासून वाढवलेली होती.

"पहिल्याला रोज पंप दिला, दुसऱ्याला रोज गोळी. तिसऱ्याला फक्त धाप लागली की पंप," ते म्हणाले. "ओजूला काय द्यायचं, ते तुम्हीच ऐकून ठरवा."

ओजूची आई हेमलता हिने पहिल्या बरणीला कान लावला. आत शांत होतं. दुसरीत थोडी घरघर होती.

"ही माझीच ना?" ओजूने विचारलं. "मग तू हात लावलास तर मला गुदगुल्या का होत नाहीत?"

तिसरीत शिट्टी वाजत होती. श्वास सोडताना ती शेवटी दोनदा अडखळायची आणि मग हुंदक्यासारखी सुटायची. हेमलताची आई गेल्या चैत्रात दम्याने गेली. लहानपणापासून हेमलता हाच श्वास भिंतीपलीकडून ऐकत आली होती. आईची पाठ चोळावी तसा तिचा हात बरणीवरून फिरू लागला.

"ओजूला रोजचा पंप," ती म्हणाली.

"बरोबर. मग उरलेली दोन आज बंद करतो."

"हे तिसरं मी घरी नेते."

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी पुढे ओढली. "न्या. पण त्याला फार त्रास होतोय, ताई. त्यालाही रोजचा पंप लिहून देतो. चार दिवसांत हा आवाज थांबेल."

हेमलताने बरणी जवळ ओढली.

"पंप एकच लिहा," ती म्हणाली. "ओजूसाठी."