योहानाची पसंती

माह्या घरी भाड्यानं राहणारी योहाना जर्मनीहून धारणीले आली, मिशनच्या वसतिगृहातल्या पोराइची सेवा कराले. पोरगी गुणाची, पण एकोणतीस वर्षांची अन् बिनलग्नाची! म्या आजवर अकरा लग्नं जुळवली, अन् माह्याच घरात हे? तिले काही न सांगता म्या वरूडचा विपुल, माह्या बहिणीचा नातू, मुलगी पाहाले बोलावला.

बहीण फोनवर कुरकुरली, "परधर्माची हाये वो ते."

"तुह्या बागेतली संत्री धर्म इचारून लागतात का? ये गुमान."

पाहुणे आले. योहानानं पोहे देल्ले अन् खुर्ची ओढून पोरालेच विचारू लागली, "दारू पिता का? उन्हात काम जमतं? उंचावर चढायला भीती वाटते?"

विपुल लाजत म्हणे, "बागेत शिडीवर रोजच चढतो जी."

योहाना हरखली. "आजी, मला असाच माणूस पाहिजे होता! उद्या सकाळी येतील का हे?"

बहिणीनं तिथंच सगळ्याइच्या हातावर पेढा ठेवला. मले मिशा असत्या तर म्या पीळ देला असता.

दुसऱ्या दिवशी नवा शर्ट घालून, अत्तर लावून गेलेला विपुल संध्याकाळी धुळीनं माखून परत आला. दिवसभर वसतिगृहाच्या छपरावर बसून फुटके कवेलू बदलत होता म्हणे.

मागून योहाना आली अन् माह्या गळ्यातच पडली.

"आजी, छप्पर खूप मोठं आहे. असेच आणखी चार जण पोहे खायला बोलवा ना!"