रंग कुठे गेला?

पडद्यावरचे तिन्ही परीक्षक एकदम थिजले. मधल्या सरांचे डोळे अर्धवट मिटलेले, तोंड जरासं उघडं. रीमाने "हॅलो, सर?" म्हणून पाहिलं. पलीकडचा आवाजही बंद.

"गेला कॉल," ती म्हणाली आणि लॅपटॉपसमोरच डोकं धरून बसली.

दिघाशी गावातल्या घरी नेटवर्क धड मिळत नाही, म्हणून ती अंबाडी नाक्यावरच्या मनोजमामाच्या फोटो स्टुडिओत आली होती. मागे पासपोर्ट फोटोचा पांढरा पडदा. अंगात गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला मामाचा कोट, खाली घरातली सलवार.

विद्यावेतनासह पीएचडीची जागा होती. अशा जागांसाठी तिने इतके अर्ज केले होते, की नकार आता पहिल्या ओळीवरूनच ओळखता यायचा. एका अर्जात तर 'आपल्या संस्थेत शिकणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न' असं लिहून तिने नाव भलत्याच संस्थेचं टाकलं होतं. हा शेवटचा अर्ज, असं तिने घरी कबूल केलं होतं. नाही जमलं तर सोमवारपासून पूर्णा गावातल्या गोदामात बिलं करायची.

मामाने दारातून डोकावून विचारलं, "झाला का गं इंटरव्ह्यू?"

"इंटरव्ह्यूपण झाला, मीपण संपले."

"काय इचारलं?"

"मी एम.एस्सी.ला भाताच्या तुसाच्या कोळशातून डाइंगचं, कापड रंगवून उरलेलं पाणी गाळलं होतं ना? पाणी स्वच्छ निघालं. ते म्हणाले, मग रंग कुठे गेला?"

"मंग? कुठं गेला?"

"कोळशात! अजून कुठे जाणार? कोळसा भरला की गाळणं बंद. त्या भरलेल्या कोळशाचं करायचं काय, ते मला माहीत न्हाय. माहीत असतं तर पीएचडी कशाला मागितली असती? एवढं साधं सांगायचं सोडून मी पर्यावरणावर भाषण ठोकलं. त्यातल्या दोन शब्दांचा अर्थ तर मलाच घरी जाऊन बघायला लागेल."

मामा हसला नाही. "मंग हेच त्यांना का न्हाय सांगितलंस?"

रीमा कोटाची बटणं सोडत होती. तिचे हात थांबले.

"वाटलं, माहीत न्हाय म्हटलं तर घेणार न्हाईत," ती म्हणाली आणि मामाच्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

तेवढ्यात लॅपटॉपमधून कुणीतरी खाकरलं. चित्र अजून थिजलेलंच होतं. आवाज मात्र स्वच्छ होता, डावीकडच्या मॅडमचा, आणि चक्क मराठीत.

"रीमा, इकडे सगळं ऐकू येतंय. हे दोघे मघापासून मला विचारतायत, ती काय म्हणतेय. आता तुम्हीच सांगा त्यांना, इंग्रजीत. भाषण नको."