एकाही मॅचला न आलेला बाप

"माझे वडील माझी एकही मॅच बघायला आले नाहीत," असं इंग्रजीत म्हणून कुश थांबला. इथं तो नेहमीच थांबायचा. मागच्या पडद्यावर मैदानाच्या कडेला ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीचा फोटो आला आणि अमेरिकेतल्या डब्लिन नावाच्या शहरातल्या त्या विमा कंपनीचं सगळं सभागृह कॉफीचे कप खाली ठेवून गप्प झालं.

कुश एकेकाळी रग्बी लीग खेळायचा. धावत येणाऱ्या धिप्पाड गड्याला अंगानं अडवून जमिनीवर आणायचं, असला तो खेळ. खांदा निकामी झाला तेव्हा तो कंपन्यांमधून भाषणं द्यायला लागला: पडलात तरी उठा, पुन्हा चाल करा. लोक टाळ्या वाजवायचे आणि जेवणाच्या सुट्टीत विसरायचे. मग एजंटनं सांगितलं, गोष्टीत कुणीतरी आडवा येणारा हवा. अशा वेळी परदेशातून आलेल्या बापासारखा खलनायक शोधून सापडत नाही. कडक, मार्कांचा भुकेला, शिवाय घरचाच, म्हणजे तक्रार करायला येत नाही. कुशनं बापाला उभं केलं आणि गोष्ट धो धो चालली. तेवढ्या तुकड्याचा व्हिडिओ आता लोक एकमेकांना पाठवत होते.

खरे बाबा, म्हणजे पुरुषोत्तमराव, प्रत्येक मॅचला नेपरव्हिलच्या घरून गाडी चालवत येऊन मैदानावर हजर असत. डोक्यावर माकडटोपी, काखेत घडीची खुर्ची आणि डब्यात अख्ख्या टीमला पुरतील इतक्या संत्र्याच्या फोडी. रग्बी त्यांना शेवटपर्यंत कळली नाही. ते ती कबड्डीसारखी बघायचे आणि "धर, धर, सोडू नको!" म्हणून कंठशोष करायचे. पुढे पुढे कुशचे अमेरिकन सोबतीही मैदानात "धर!" असं ओरडायला लागले होते.

"त्यांच्या मते खेळ म्हणजे वाया गेलेल्या मुलांचा उद्योग," कुश पुढे म्हणाला. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं डोळे टिपले.

तेवढ्यात प्रीता स्टेजवर आली. ती कंपनीच्या एचआरमधली, इथंच जन्मलेली मराठी मुलगी. कार्यक्रम तिनंच ठरवला होता.

"सॉरी कुश, पण आता मला राहवत नाही," ती माइकवर इंग्रजीत म्हणाली. "तुझा व्हिडिओ बघून आम्ही सगळे रडलो. म्हणून आम्ही त्यांना शोधून काढलं. आज पहिल्यांदाच तुझे बाबा तुला बघायला आलेत!"

मागचं दार उघडून पुरुषोत्तमराव आत आले. लग्नाकार्याला घालायचा कोट त्यांनी आज घातला होता. सगळे उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. कुशच्या तोंडचं पाणी पळालं. अंगावर चालून येणाऱ्या पैलवानांना तो कधी भ्याला नव्हता, आणि आता किरकोळ अंगाचे बाबा कठड्याला धरून पायऱ्या चढत होते तर त्याला पळून जावंसं वाटत होतं. स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना. बाबांनी खरं बोलायचा अवकाश, काम, नाव, पुढच्या वर्षाची भाषणं, सगळं बुडालं असतं.

"काका, बोला ना. कसं वाटतंय?" प्रीतानं माइक त्यांच्या हातात दिला.

पुरुषोत्तमरावांनी पडद्याकडे पाहिलं. खुर्ची त्यांचीच होती. ते संत्री वाटायला उठले असताना कुणीतरी काढलेला तो फोटो होता. मग ते लोकांकडे वळले आणि ऑफिसातल्या साहेबाशी बोलावं तसं जपून इंग्रजीत म्हणाले, "मी यायला हवं होतं. आलो नाही. माझं चुकलं." मग पुढे म्हणाले, "तुम्ही आपापल्या मुलांच्या मॅचेसना जा."

सभागृहात हुंदके ऐकू आले. कुशनं तोंड उघडलं. खरं सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. पण त्यानं बाबांना मिठी मारली, कारण सगळे त्याचीच वाट बघत होते. भराभर फोटो निघाले.

पार्किंगमध्ये दोघंच उरले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, आय ॲम सो... मी तुला सांगणार होतो."

"त्या मुलीनं बोलावतानाच तुझा व्हिडिओ पाठवला होता," बाबा कोट काढून मागच्या सीटवर नीट ठेवत म्हणाले. "बघूनच निघालो."

कुश मान खाली घालून उभा होता. "बघितलास? मग आलास कशाला?"

"तुझी आईपण हेच विचारत होती. एवढं लांब ड्राइव्ह करून कशाला जाताय म्हणून. तिला काही तो व्हिडिओ दाखवला नाही मी." बाबांनी गाडी सुरू केली आणि काच खाली घेतली. "म्हटलं, पोराचा कार्यक्रम आहे. नेहमी जातो तसाच जाऊन येतो."