भिंतीवरचा रस्ता

"डोकं सांभाळा," असं पेशंटच्या मुलानं म्हणायच्या आतच डॉक्टर जिन्याच्या वळणावर वाकली होती. तिथं तुळई खाली आलेली आहे. नवीन माणूस हमखास आपटतो.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सवय," ती म्हणाली आणि वर चढत राहिली.

याच घरात ती लहानाची मोठी झाली होती. घर विकून बाबांनी तिच्या डॉक्टरकीची फी भरली होती. आताचे भाडेकरू नंतर आलेले. त्यांना हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

खोलीच्या दाराशी मुलानं आवाज खाली आणला. "ताप उतरलाय, पण डोकं ठिकाणावर नाही. दुपारी भिंतीवर माणसं चालतात म्हणे. तीसुद्धा उलटी. आम्ही धावत येऊन दिवा लावतो, तर भिंत कोरी. तुम्ही फक्त भरती करायची चिठ्ठी द्या. मनोरुग्णांच्या दवाखान्यात बोलून ठेवलंय."

"आजोबांना सांगितलंय?"

"त्यांना काय सांगायचं, डॉक्टर?"

त्यानं दार ढकललं, दिवा लावला. तिचं अभ्यासाचं टेबल असायचं तिथं आता पलंग होता आणि पलंगावर एक किडकिडीत म्हातारा उशीला टेकून बसला होता. तिनं नाडी पाहिली, डोळे पाहिले, छाती तपासली.

"आज तारीख किती, आजोबा?"

"तारीख कशाला बघायची? याचं तोंड बघा. महिनाअखेर आहे." म्हाताऱ्यानं मुलाकडे बोट केलं. "फी जरा कमी घ्या. मी अर्धाच वेडा आहे."

"अण्णा!"

"माणसं कुठं दिसतात?" तिनं विचारलं.

म्हाताऱ्यानं खिडकीसमोरची भिंत दाखवली. "तिथं. रस्ता वर, आभाळ खाली. सायकलवाले माशीसारखे छताशी पळतात. छत्रीवाला अजून यायचाय." मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "हा म्हणतो, तिथं कोणी नाही. आताशा मलाही वाटतं, नसेलच कोणी."

डॉक्टर उठून खिडकीशी गेली. खिडकीची झडप बंद होती. तिनं लाकडावरून बोट फिरवलं. गाठ गळून पडलेलं भोक होतं तिथंच होतं, वाटाण्याहून लहान. आई म्हणायची, लांबी भरून बुजवून टाका, धूळ येते. बाबा म्हणायचे, राहू दे, फुकटचा सिनेमा आहे.

"दिवा घालवा," ती म्हणाली. "दार लावा आणि जरा थांबा. डोळ्यांना वेळ लागतो."

आधी नुसताच अंधार होता. मग त्या भोकातून येणाऱ्या उजेडानं भिंत हळूहळू उजळत गेली, पाण्यात रंग सुटावा तशी. खाली निळं आभाळ साचलं. वर समोरच्या दुकानांची रांग लटकू लागली. एक बाई पिशवी घेऊन तरंगत गेली. तिच्यामागून एक कुत्रं गेलं, अगदी आवाज न करता.

मुलगा पलंगाच्या कडेवर बसला. "अण्णा," तो म्हणाला. म्हातारा भिंतीकडे बघतच नव्हता. तो मुलाच्या चेहऱ्याकडे बघत होता.

चिठ्ठीचं नाव कोणी काढलं नाही. थोड्या वेळानं मुलानं खिशात हात घातला. "डॉक्टर, तुमची फी..."

"आला," म्हातारा म्हणाला.

भिंतीवर एक पिवळी छत्री आली, उताणी, आणि तिच्यात पाय वर करून एक माणूस. चालता चालता तो थांबला. त्यानं छत्री मागं कलती केली.

"रोज येतो. समोर उभा राहून या घराकडे बघतो आणि जातो. काय बघतो कोण जाणे."

ती छत्री डॉक्टरनं गेल्या वर्षी पहिल्या पगारातून घेतली होती. दुकानात काळी उरली नव्हती. "या वयात पिवळी?" म्हणून बाबा हसले होते. तेव्हापासून रोज जेवण झालं की ते ती घेऊन निघायचे. वाचनालयात जातो, म्हणायचे. घर विकलं त्या दिवशीही ते असेच हसले होते. "चार भिंती तर आहेत. त्यात काय एवढं?"

"ओळखीचा आहे का कोणी?" मुलानं विचारलं. "खिडकी उघडून हाक मारू?"

"नको. खिडकी उघडली की जातील ते."

ती भिंतीकडे निघाली. खोलीच्या मध्यावर रस्ता तिच्या अंगावर आला आणि ती तिथंच खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. जुन्या भिंतीवर पुसट वाटणारा रस्ता तिच्या पांढऱ्या कोटावर लख्ख उमटला. छातीशी, खिशाच्या जरा खाली, एक पिवळा ठिपका थरथरत होता. तिनं मान खाली घातली. श्वास घेतला की तो माणूस किंचित वर जायचा, सोडला की खाली यायचा.

"आता नीट दिसतोय," म्हातारा म्हणाला. "हलू नका, डॉक्टर."