चोख काम

वाचनालयातल्या सहाही कॉम्प्युटरना त्याने असं कुलूप घातलं होतं, की लोकांनी काहीही शोधलं, काहीही बिघडवलं, तरी मशीन बंद करून चालू केलं की सगळं साफ. "माझ्या मशीनवर कुणाचा मागमूस राहत नाही," हे तो रोज जेवताना बायकोला ऐकवायचा, आणि तिने मान डोलवायला उशीर केला तर ताट तिच्या तोंडावर फेकून तिला लाथांनी तुडवायचा.

परवा जेवता जेवताच तो विषाने तडफडून मेला. पोलिसांनी तिचा फोन पिंजून काढला, मग ती महिनाभर ज्यावर बसत होती ते वाचनालयातलं खिडकीजवळचं मशीन. काहीच सापडलं नाही.


"यांचं काम चोखच होतं हो, साहेब," सुजल्या ओठांनी ती म्हणाली.