तिरकं बसलेलं बेअरिंग

बेअरिंग काही केल्या निघेना.

गिअरबॉक्स खाली उतरवून झाला होता. जळलेली क्लचप्लेट बाजूला पडली होती. उरलं होतं ते एवढंसं पायलट बेअरिंग, इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला, खोबणीत रुतून बसलेलं. ते ओढून काढायच्या पुलरच्या नख्या त्याच्यावरून पुन्हा सटकल्या आणि धाकट्याची बोटं सोलवटून निघाली.

केस पिकायला लागले तरी गॅरेजात सगळे त्याला धाकट्याच म्हणत. थोरला, म्हणजे दादा, जाऊन वर्ष होत आलं होतं. पाटीवर नाव अजून दादाचंच होतं आणि गिऱ्हाईक यायचं तेही त्याच नावावर.

"दादा असता तर एव्हाना गाडी रस्त्यावर असती," टॅक्सीवाला म्हणाला. जुनं गिऱ्हाईक, सकाळपासून स्टूल अडवून बसला होता. "मागच्या खेपेला क्लच त्यानेच टाकला होता. पण क्लच फार लवकर जळला बघ. आतून सारखी कुरकुर यायची. म्हटलं, दादाचं काम आहे, दुसरंच काहीतरी वाजत असेल."

बेअरिंगच्या मधल्या भोकात धाकट्याने ग्रीस ठासून भरलं, नेमका बसेल असा लोखंडी दांडा त्यात घातला आणि हातोडीने ठोकला. ही युक्ती दादाचीच. ग्रीसला मागे पळायला वाट नसते, मग ते बेअरिंगलाच पुढे ढकलतं. पण आज ते फटीतून पचकन बाहेर आलं आणि धाकट्याच्या तोंडावर उडालं. टॅक्सीवाला खो खो हसला.

धाकट्याने तोंड पुसलं. जुनं वर्तमानपत्र पाण्यात भिजवून त्याचे बोळे केले आणि भोकात कोंबले. ठोकलं. आणखी बोळे कोंबले, पुन्हा ठोकलं. आत काहीतरी कचकन हललं. बेअरिंग केसभर पुढे सरकलं, मग जरा आणखी, आणि शेवटी टपकन त्याच्या तळहातावर येऊन पडलं.

ते घेऊन तो उजेडात आला आणि जागच्या जागी थांबला.

बेअरिंग तिरकं ठोकलेलं होतं. कडेवर हातोडीचे घाव होते, कुठेही, कसेही पडलेले. एक नेम म्हणून धड लागलेला नव्हता.

दादा बेअरिंगवर कधी हातोडी उगारत नसे. "मारायचं नाही रे, पटवायचं," असं म्हणत तो मापाची नळी वर धरून ते अलगद आत बसवायचा.

धाकट्याला या गाडीचा क्लच टाकला तो दिवस आठवला. दादाने त्याला पार्ट आणायला बाजारात पिटाळलं होतं. त्या शेवटच्या महिन्यांत दादा त्याला उठसूट पिटाळायचा. नट आण, ऑइल आण, ही गाडी जरा फिरवून आण. "मला काय हमाल समजतोस?" असं धाकटा एकदा ताडकन बोललाही होता. दादा नुसता हसला होता, दोन्ही हात खिशात घालून.

चहाचा कपही तेव्हा तो उचलत नसे. टेबलावर ठेवूनच वाकून प्यायचा. धाकट्याने त्यावरून त्याची थट्टा केली होती.

"बघू तरी," म्हणत टॅक्सीवाल्याने बेअरिंग हातात घेतलं. "अरे, हे काय? खाटकाने बसवलंय की काय?"

"मी बसवलं."

"पण क्लच तर दादाने…"

"गिअरबॉक्स दादाने चढवला. आतलं बेअरिंग मी ठोकलं होतं. घाई झाली."

टॅक्सीवाल्याने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तरीच. दादाच्या हातून असलं काम होणं शक्यच नाही. जन्मभर त्या माणसाच्या शेजारी उभा राहिलास आणि हे शिकलास?" बेअरिंग फळीवर टाकून तो चहा प्यायला निघून गेला.

घर गॅरेजच्या पाठीलाच. मागच्या दारात वहिनी जेवणाचा डबा घेऊन उभी होती, कधीपासून कोण जाणे. तिने डबा खाली ठेवला, बेअरिंग उचललं आणि घावांवरून अंगठा फिरवला.

"भावजी, स्वतःवर कशाला घेतलंत?"

"वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"शर्टाची बटणं मीच लावून देत होते त्यांना. बोटं ऐकत नव्हती त्यांची."

"मग मला का नाही सांगितलंत? मी काय परका होतो? मी त्याला एका गाडीला हात लावू दिला नसता. सगळं मी केलं असतं…"

"तेच तर," वहिनी म्हणाली. "मला शपथ घातली होती. म्हणायचे, 'धाकट्याला कळलं तर सगळं काम तो आपल्या अंगावर घेईल. मग सकाळी उठून मी जाऊ कुठे?'"